नागीण गेली, ठणका ऱ्हायला

"वरचा दगुड फिरं, खालचा गं सोशी भार..."

हा तानीचा आवाज. आजऱ्याच्या घरात, कोंबडं आरवायच्या वेळेला, जात्यापुढं मांडी घालून बसलेल्या नऊ वर्षांच्या तानीचा. ती पहिली ओळ टाकायची आणि थांबायची, कारण दुसरी ओळ अक्काची. तसा नियम कुणी केला नव्हता. पण जात्याचा खुंटा जसा दोघींच्या मुठीत असायचा, तशी ओवीही दोघींच्या मुठीत असायची. एकीनं ओढायचं, दुसरीनं ढकलायचं. मग तिची अक्का, म्हणजे यल्लव्वा, पिठाळलेल्या मनगटानं नाक पुसत म्हणायची, "थोरलीच्या गं पाठी, धाकटीचा कारभार!" आणि दोघी अशा हसायच्या की जातं दोन फेरे चुकायचं.

त्याला पन्नास वर्षं झाली. आता २००३ साल होतं, राजारामपुरीतल्या एका इमारतीचा दुसरा मजला होता, आणि यल्लव्वा कॉटवर उजव्या कुशीला पडून तो आवाज ऐकत होती. ऐकू येण्याचं कारण, झोप नव्हती. आणि झोप नसण्याचं कारण, नागीण.

चार महिन्यांमागं तिच्या डाव्या बरगडीवर, पाठीपासून छातीकडं, फोडांचा एक पट्टा उठला. डॉक्टर त्याला काहीही म्हणोत, आजऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत त्याला नागीण म्हणतात आणि तिची दोन टोकं जुळली की माणूस संपला असंही म्हणतात. शेजारच्या शालूबाई रोज सकाळी येऊन दोन टोकांमधलं अंतर बोटांनी मोजायच्या. "आजून सा बोटं हाईत वो, काळजी करू नगा," असं म्हणून चहा पिऊन जायच्या. दुसऱ्या दिवशी सहाची पाच झाली की शालूबाईंच्या चहात साखर कमी पडायची.

टोकं जुळली नाहीत. फोड वाळले, खपल्या पडल्या, नागीण गेली. पण ठणका राहिला. पदर लागला तरी कातडीवर निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पंखा लावला की वारं नव्हे, मिरची अंगावर यायची. यल्लव्वानं पदर उजव्या खांद्यावर घ्यायला सुरुवात केली. गल्लीत चर्चा झाली, की नागसेनच्या आईनं आता गुजराती साडी नेसायला घेतली.

आणि कुणी विचारलं, "काय होतंय?" तर उत्तर ठरलेलं.

"काय न्हाय."

यल्लव्वाचं 'काय न्हाय' ही साधी गोष्ट नव्हती. नवरा वारला तेव्हा ती चार दिवस 'काय न्हाय'च म्हणत होती. तिच्या कॉटखाली गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं काहीतरी होतं. सगळे फ्लॅटवर राहायला आले तेव्हा ते दोन मजले चढवताना हमालाचा घोटा मुरगळला. "आज्जे, भरलंयस तरी काय ह्यात?" त्यानं विचारलं. "काय न्हाय," यल्लव्वा म्हणाली. त्यानंतर सून शिवानीनं कॉटखाली झाडू घातला की ती म्हणायची, "तितलं ऱ्हाऊ दे."

आणि अकरा वर्षं तानीशी बोलत नव्हती, तेही 'काय न्हाय'मध्येच मोडायचं.

झालं होतं एवढंच. १९९२ साली आई गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी घरात बघतात तर आईचं जातं नाही. जिथं ते असायचं तिथं भुईवर फक्त गोल डाग. तानी म्हणाली, "आक्कानं न्हेलं." यल्लव्वा म्हणाली, "तानीनं न्हेलं." दोघींनी आईच्या शपथा घ्यायची तयारी दाखवली आणि दोघींनीही घेतल्या मात्र नाहीत. मग बोलणं थांबलं. गिरणीत दळणाऱ्या दोन बायका जात्यावरून अकरा वर्षं अबोल राहिल्या.

नागीण गेली तरी नसेचा ठणका जात नाही, हे यल्लव्वाला डॉक्टरांनी सांगायची खरं म्हणजे गरज नव्हती. पण त्यांनी सांगितलं.

डॉक्टर होत्या त्रिशला मगदूम. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या घरातल्या. सातव्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता, आणि शिवानी सासूला तिथं 'नुसतं दाखवायला' म्हणून घेऊन गेली.

"आजी, नागिणीनं जाता जाता तुमची नस कुरतडलीय," डॉक्टर म्हणाल्या. "कातडी बरी झाली. पण नस अजून ओरडतेच आहे. तिला कुणी सांगितलंच नाही की नागीण गेली म्हणून."

"मग सांगा की तिला."

"तेच करायचंय. बारीक सुया टोचायच्या, नसेच्या वाटेनं. आणि सुयांना वायरी लावून हलका करंट द्यायचा."

यल्लव्वानं सुनेकडं पाहिलं. "ही मला मारायला आणलीस व्हय गं?"

"अहो आत्ती, ऐकून तर घ्या!"

डॉक्टरांनी टेबलावर एक डबा ठेवला. शिवणाच्या डब्याएवढा. त्याला चार बटनं आणि दोऱ्यासारख्या वायरी. "हे बघा. याची वायर भिंतीत जातच नाही. आत सेल आहेत, रेडिओत असतात तसले. मुंग्या आल्यासारखं वाटेल, बस."

"आराम पडंल न्हवं?" शिवानीनं विचारलं.

"काहींना पडतो, काहींना नाही. आठ-दहा वेळा यावं लागेल, आणि चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत. छातीवर हात ठेवून 'बरं करतो' म्हणणारा डॉक्टर पाहिजे असेल तर पलीकडच्या गल्लीत आहे."

हे ऐकून यल्लव्वा पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघू लागली. उद्या दहाची वेळ ठरली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आजऱ्याला कळवू नगा." चहा पिताना म्हणाली, "उगं आजऱ्याला कळवशीला." नागसेन कामावर निघाला तेव्हा जिन्यातून खाली वाकून म्हणाली, "नागसेना, तानीला कळवू नगंस बरं का!"

शिवानीनं त्याला जिन्याखाली गाठलं. "तीनदा म्हणाल्यात. मावशीला फोन करा."

"आगं, कळवू नगंस म्हणत्या की ती!"

"नऊ वर्सं हाय मी ह्या घरात. एकदा न्हाय म्हणल्या तर न्हाय. तीनदा म्हणल्या तर व्हय."

नागसेन कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फिटर होता. माणूस साधा, आवाज मोठा, यंत्रांच्या आवाजावर ओरडून ओरडून झालेला. जेवणाच्या सुट्टीत तो फाटकाबाहेरच्या पानपट्टीवर गेला. तिथं नाणी टाकायच्या फोनचा लाल डबा होता. तानामावशी आजऱ्याला काजूच्या कारखान्यात काम करायची, आणि तिथला फोन मुकादम गुंडूच्या टेबलावर असायचा. गुंडूच्या मागं काजू भाजायचा ड्रम फिरायचा. नागसेनच्या मागं ट्रक मागं-पुढं होत होते. अशा दोन गोंगाटांच्या मधून एक निरोप जायचा होता.

"हॅलो! नागसेन बोलतोय, कागलातनं!"

"नाग? कुठं निगालाय?"

"नाग न्हवं वो, नागसेन! तानामावशीचा भाचा!"

"हां हां! बोला पावणं!"

"मावशीला निरोप द्या! आईला नागीण झाल्ती!"

"चावल्ती?"

"झाल्ती वो, झाल्ती!" ट्रकचा भोंगा वाजला.

"आरं बापरं! मग? आता?"

"नागीण..." ड्रम खडखडला. "...गेली!"

"गेली?"

"गेली की! ती गेली, त्याचं काय न्हाय! पर उद्या धा वाजता राजारामपुरीत करंट देणार हायत! मावशीला म्हणावं, जमलं तर ये! आई वाट..."

नाणं संपलं. फोननं टूं केलं.

गुंडू बराच वेळ रिसीव्हर धरून बसला. आई गेली, आणि पोरगा म्हणतोय, 'त्याचं काय न्हाय'! शहरात राहून माणसाचं काळीज असं होतं. 'आई वाट...' म्हणजे वाट लागली, हे त्यानंच पुरं केलं. निरोप थोडक्यात लिहायची त्याला सवय होती. काजूच्या पोत्यावरच्या चिठ्ठीच्या मागं त्यानं लिहिलं, 'नागसेनची आई. नागीण चावली. गेली. उद्या धा वाजता करंट. राजारामपुरी.'

तानाबाई हाताला तेल लावून काजू सोलत होती. चिकानं तिची बोटं काळी पडली होती. गुंडूनं चिठ्ठी वाचून दाखवली. ती रडली नाही. तिनं काजूचा ढीग पाहिला, मग गुंडूचं तोंड, पुन्हा ढीग.

"करंट म्हंजे?" तिनं विचारलं.

गुंडूनं दोन घटका विचार केला होताच. "म्हंजे बघ तानाक्का, शहरात लाकडं कुठली आणायची? हल्ली करंटवर देत्यात म्हणं. आत सरकवायचं, बटन दाबायचं. धूर न्हाय, काय न्हाय."

"आन् राजारामपुरीत?"

"तितं काय मिळत न्हाय? क्लासं हाईत, दवाखानं हाईत. हे बी काडलं आसंल कुणीतरी."

तानाबाई पुन्हा सोलायला बसली. वीस वर्षांत तिचा गर कधी तुटला नव्हता, अख्खा पांढरा चंद्र निघायचा. त्या दिवशी सगळे तुकडेच निघाले. गुंडूनं ते पाहिलं आणि काही न बोलता तिची पाटी स्वतःच 'अख्खा'च्या ढिगात ओतली.

सकाळी कारखान्याचा टेंपो निघाला. मागं तानाबाई, पांढऱ्या साड्यांतल्या आणखी अकरा बायका, मेणबत्त्यांचा पुडा आणि मोगऱ्याचा एक हार. पुढं ड्रायव्हर, तानाबाईचा नवरा जोतीराम आणि गुंडू. निरोप आपण घेतला, तर शेवटपर्यंत पोचवायचाही आपणच, असं गुंडूचं म्हणणं होतं.

फ्लॅटला कुलूप होतं. दारात शालूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"यल्लव्वा...?" तानाबाईनं एवढंच विचारलं.

"त्यास्नी मगाशीच न्हेलं की," शालूबाई म्हणाल्या. "सातव्या गल्लीत. करंट द्यायला."

बायकांनी पदर तोंडाला लावले.

"कसं न्हेलं?" जोतीरामनं विचारलं.

"रिक्षातनं. सुनंनं धरलंतं, पडू ने म्हणून."

जोतीरामनं गुंडूकडं पाहिलं. "रिक्षातनं?"

"शहर हाय," गुंडू म्हणाला.

"लई सोसलं वो बिचारीनं," शालूबाई म्हणाल्या. "रातध्याड डोळ्याला डोळा न्हवता. आता करंट दिला की सुटंल एकदाची."

टेंपो सातव्या गल्लीकडं वळला.

दवाखान्यात त्या वेळी सुया लागल्या होत्या. पडद्यामागच्या खोलीत यल्लव्वा उजव्या कुशीवर होती. कण्याच्या कडेनं आणि बरगडीच्या वाटेनं दहा सुया, आणि त्यांना चिमट्यांनी वायरी. डबा टिक्-टिक्-टिक् करत होता. डॉक्टर बटन फिरवत होत्या.

"आजी, काही कळतंय?"

"काय न्हाय."

अजून थोडं. "आता?"

"काय न्हाय."

अजून थोडं. बरगडीवरचं मांस टुणटुण उडायला लागलं. "आजी, हे उडताना मला दिसतंय. तुम्हाला कळत कसं नाही? बोलत जा हो! तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळायचं कसं, कुठं थांबायचं ते?"

असं यल्लव्वाला कधी कुणी म्हटलं नव्हतं. मग हळूच म्हणाली, "मुंग्या हाईत."

"कसल्या?"

"आदी लाल हुत्या. आता काळ्या."

"चावतात?"

"न्हाय. नुस्त्या चालत्यात."

डॉक्टरांनी केसपेपरवर 'काळ्या मुंग्या' असं लिहिलं, बटन तिथंच ठेवलं आणि वीस मिनिटं हलायचं नाही असं बजावून दुसरा पेशंट बघायला गेल्या. धातू नको म्हणून यल्लव्वाच्या कानातल्या फुल्या, बोरमाळ आणि चांदीच्या पाटल्या आधीच उतरवल्या होत्या. त्या रुमालात बांधून शिवानी दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. आत स्पिरिटच्या वासानं तिचे डोळे चुरचुरत होते, ते ती पुसत होती.

नेमका त्याच वेळी टेंपो थांबला. तानाबाईनं पाहिलं, डोळे पुसणारी सून आणि तिच्या हातात, रुमालातनं डोकावणाऱ्या, अक्काच्या फुल्या.

आता माणसाच्या अंगावरून फुल्या कधी उतरवतात, हे काय सांगायला लागतं?

"शिवानी गं..."

"आगं बया, मावशी! आलासा?" शिवानी आनंदानं म्हणाली. मग मागं अकरा पांढऱ्या साड्या बघून गोंधळली. "एवढ्या सगळ्या?"

"कुठं हाय?"

"आत हाईत. झोपवलंय. पडद्याआड."

"करंट दिला?"

"दिला की. धा मिंटं झाली. आजून धा मिंटं हाईत."

बायकांतून एक हुंदका उठला. "एवढा येळ लागतोय व्हय?" जोतीराम पुटपुटला.

"व्हय, एकदम देत न्हाईत. बारीकपासनं वाढवत न्हेत्यात," शिवानीनं समजावून सांगितलं. "आदी काय बोललंच न्हाईत. मग म्हणाल्या, मुंग्या आल्या..."

"म्हणाल्या?" गुंडू म्हणाला. "कोण म्हणाल्या?"

पण तानाबाईनं ते ऐकलं नाही. ती पायरीवर मटकन बसली आणि तिनं जो गळा काढला, त्यानं समोरच्या क्लासातलं गणित थांबलं.

"आक्का गं! मला टाकून गेलीस गं! ही पांडरी साडी तुज्यासाठी नेसायची हुती व्हय गं!"

तेवढ्यात लाईट गेली. भारनियमनाची वेळच ती. पडद्यामागच्या खोलीत अंधारलं, पंखा थांबला. डबा मात्र सेलवरचा, टिक्-टिक् करत राहिला.

यल्लव्वाला बाहेरचा आक्रोश ऐकू आला. तिनं हळहळून म्हटलं, "कोण गेलं गं बिचारं?"

उत्तर बाहेरून आलं. "यल्लव्वा गं! माजी आक्का गं!"

यल्लव्वा विचारात पडली. यल्लव्वा तर आपण. आवाज तानीचा. तानी अकरा वर्षं बोललेली नाही, म्हणजे ती काही उगाच यायची नाही. खोलीत अंधार. वारं बंद. अंगातून मुंग्या चालल्यात. हलायचं नाही असं सांगून डॉक्टर निघून गेल्यात. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे ठणका नव्हता. तिनं मनातल्या मनात बरगडी चाचपून पाहिली. नव्हता! 'जितेपणी नसंचा ठणका जात न्हाय बाई, माणसासंगंच जातोय,' असं आई म्हणायची.

म्हणजे झालंच म्हणायचं, यल्लव्वानं ठरवलं. तिला फार वाईट वाटलं नाही. फक्त आपण कधी गेलो ते कळलं नाही, याचं थोडं नवल वाटलं.

बाहेर तानाबाईचा बांध फुटला होता. "आक्का, तुजी शपत गं, जातं म्याच न्हेलतं गं! पाव्हणं जेवत हुतं तवा, परसातनं, पोत्यात घालून! आय मला हवी हुती गं, दुसरं काय न्हाय! वरचा दगुड माज्या माळ्याव हाय, काजूच्या पोत्याखाली. आकरा वर्सं तुला चोर म्हणलं आन् चोर मीच!"

पांढऱ्या साड्यांत कुजबूज झाली. जोतीराम आ वासून बायकोकडं बघत राहिला. त्या पोत्याला टेकून तो रोज दुपारी झोपत असे.

रडता रडता तानाबाईचा आवाज बसला. आणि बसलेल्या आवाजातून, जुन्या विहिरीत पाणी यावं तसं, ते आपोआप वर आलं.

"वरचा दगुड फिरं... खालचा गं सोशी भार..."

ती थांबली. दुसरी ओळ तिची नव्हतीच. जन्मात तिनं ती कधी म्हटली नव्हती. पायरीवर, रस्त्यावर, क्लासच्या खिडकीत सगळं गप्प झालं. आत नुसतं टिक्-टिक्, टिक्-टिक्, जसं जात्याच्या खुंट्याचं कुरकुरणं.

पडद्यामागं यल्लव्वाला पेच पडला. मेलेल्यानं बोलावं का? पण ओवी अर्धी सोडणं तिला जितेपणी जमलं नव्हतं. आता तर कुणाची भीती नव्हती.

"थोरलीच्या गं पाठी," अंधारातून खणखणीत आवाज आला, "धाकटीचा कारभार!"

काय झालं ते नीट सांगता येत नाही. अकरा बायका एकदम टेंपोच्या दिशेनं गेल्या, त्यातल्या तिघी टेंपोच्या पलीकडं. मेणबत्त्या गल्लीभर झाल्या. गुंडू मागं सरला तो दवाखान्याच्या दारातल्या वजनकाट्यावर चढला, आणि त्या धक्क्यानं काटा एकशेवीसवर जाऊन थरथरत राहिला. फक्त तानाबाई उलट दिशेनं पळाली. आत. पडदा ओढून तिनं पाहिलं, अक्का कुशीवर, पाठीत सुया, सुयांना वायरी.

"आगं, जिती हाय! जित्या माणसाला जाळाय घेतलंय मुडद्यांनी!" असं ओरडून तिनं अक्काला मिठीच मारली. मारली ती नेमकी डाव्या अंगानं. तिची बोटं एका चिमट्याला लागली आणि ती टुणकन उडाली. "आई गं! डसली! नागीण हितंच हाय!"

डॉक्टर धावत आल्या, पाठोपाठ शिवानी. "हलवू नका! सुया आहेत! कोण तुम्ही?"

"मी तिची भन! आन् तुमी कोण? सरण रचणाऱ्या?"

उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली, कारण सगळे एकदम बोलत होते. शिवानी म्हणाली, नागीण म्हणजे फोड. डॉक्टर म्हणाल्या, करंट म्हणजे औषध. जोतीराम म्हणाला, मग 'गेली' ती कोण? शिवानी म्हणाली, नागीण. सगळ्यांनी वळून गुंडूकडं पाहिलं. तो अजून वजनकाट्यावरच होता. त्यानं खिशातून चिठ्ठी काढली, वाचली, उलटी करून वाचली.

"ह्यात एक बी शब्द खोटा न्हाय," तो ठामपणे म्हणाला. "नागीण हाय, गेली हाय, करंट हाय, राजारामपुरी हाय. मी माज्या मनानं एक बी घातला न्हाय. चावली तेवढा."

"म्हंजे मी गेल्याली न्हाय?" यल्लव्वानं कुशीवरूनच विचारलं. आवाजात किंचित निराशा होती.

"नाही हो आजी!" डॉक्टर म्हणाल्या. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "थांबा. आत्ता यांनी मिठी मारली ती डाव्या बाजूला. पदर सोसत नाही तुम्हाला. तुम्ही ओरडला नाहीत!"

यल्लव्वानं आठवून पाहिलं. "न्हाय वराडले."

"दुखलं नाही?"

"ध्यानातच आलं न्हाय."

डॉक्टरांनी पेन काढलं. 'आराम' असं लिहिलं. मग यंत्राकडं पाहिलं, मग पायाशी बसलेल्या, काळ्या बोटांनी अक्काचा पाय धरलेल्या तानाबाईकडं पाहिलं. हा आराम कुणाच्या नावावर लिहायचा ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी 'आराम'च्या पुढं प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळीही या. दोघी या. आता दोन मिनिटं राहिलीत, शांत पडून राहा."

पण शांत राहतं कोण? पांगलेल्या बायका एकेक करून परत आल्या होत्या आणि त्यांना आता दुसरं काही सुचत नव्हतं.

"तानाक्का, म्हंजे तू न्हेलतंस जातं?"

"आन् हिला चोर म्हणत हुतीस!"

"बिचारी यल्लव्वा. आकरा वर्सं मुकाट्यानं सोसलं गं हिनं!"

"थोरली ती थोरलीच!"

तानाबाईनं मान खाली घातली. "चुकलं माजं," ती म्हणाली. "उद्या आणून देते, आक्का. वरचा दगुड तुज्या दारात ठेवते."

आणि तेव्हा गुंडू वजनकाट्यावरून खाली उतरला. दिवसभरात तो चुकलाच होता, पण हिशेबाच्या माणसाला एकदा तरी गणित सुटतंच.

"वरचा म्हणालीस तू," तो म्हणाला. "पायरीवर बी वरचाच म्हणालीस. मग खालचा कुठाय?"

"मला काय ठावं!" तानाबाई म्हणाली. "एका टायमाला एकच उचलला मला. दुसऱ्या खेपंला आले तर जाग्यावर न्हवता."

"आन् हे तू आकरा वर्सं बोलली न्हाईस?"

"कशी बोलू? खालचा गेला म्हणलं तर लोक इचारतील, तुला कसं ठावं वरचा न्हाय गेला म्हणून!"

शिवानीच्या डोळ्यांपुढं एक गोणपाट आलं. सुतळी आली. हमालाचा मुरगळलेला घोटा आला. तिनं हळूच सासूकडं पाहिलं. यल्लव्वा भिंतीकडं तोंड करून पडली होती, आणि तिच्या बरगडीवरचं मांस टुणटुण उडत होतं.

"आजी?" डॉक्टर वाकल्या. "काही होतंय का? लाल मुंग्या?"

"काय..." यल्लव्वा म्हणाली.

सगळे थांबले. डबा टिक्-टिक् करत होता. बोलल्याशिवाय मला कळायचं कसं, असं मघाशी या डॉक्टर पोरीनं म्हटलं होतं.

"'काय न्हाय' न्हवं," यल्लव्वा भिंतीला म्हणाली. "हाय. खालचा माज्या कॉटखाली हाय."